लेस्टरचे गुजराती, ब्रॅडफर्डचे मीरपुरी: फरक माणसांत की वाटेत?

उंबरठा

दुसऱ्या एका चर्चेत असा सूर निघाला की ब्रिटनमध्ये भारतीय वर गेले, पाकिस्तानी मागे राहिले, आणि हा सगळा 'संस्कृतीचा' प्रश्न आहे. तिथे अवांतर नको म्हणून वेगळा धागा काढतो. धाग्याचं काश्मीर, म्हणजे न संपणारं भांडण, करू नका ही विनंती. (होणारच म्हणा. मीरपूर पाकिस्तानच्या ताब्यातल्या काश्मिरातच आहे.)

आधी फरक किती ते पाहू. २०१८ च्या सरकारी आकडेवारीत ताशी मध्यक पगार (निम्म्यांना याहून कमी, निम्म्यांना जास्त) भारतीय गटाचा १३.४७ पौंड, गोऱ्या ब्रिटिशांचा १२.०३, बांगलादेशींचा ९.६०, आणि पाकिस्तानी १० च्या आसपास. इंग्लंडात स्वतःचं घर असलेली कुटुंबं (२०१६ ते १८): भारतीय ७४ टक्के, गोरे ब्रिटिश ६८, पाकिस्तानी ५८, बांगलादेशी ४६. म्हणजे फरक आहे. वाद कारणाचा आहे.

माझं म्हणणं असं की हे दोन समाज दोन वेगळ्या दारांनी आत आले. ब्रिटनमधल्या पाकिस्तानींचा मोठा हिस्सा मीरपूर जिल्ह्यातला. कोरडवाहू शेती, शाळा जेमतेम. त्यांचे आजे-पणजे मुंबई बंदरातून सुटणाऱ्या बोटींवर भट्टीत कोळसा टाकायचे, विलायतेशी ओळख तिथली. १९६० चा सिंधू करार झाला, मंगला धरण आलं, १९६७ साली पुरं झालं. जुनं मीरपूर पाण्याखाली गेलं आणि लाखाच्या वर माणसं उठली. काहींना ब्रिटनचे वर्क व्हाउचर, म्हणजे कामासाठी येण्याचे परवाने, मिळाले. त्यात १ जुलै १९६२ पासून ब्रिटनने राष्ट्रकुलातल्या लोकांसाठी दार अर्धं लावलं, त्यामुळे त्याआधीच्या दीड वर्षात झुंबड उडाली. एकटे पुरुष, चार वर्षं कमावून परत जायच्या बोलीवर आलेले.

आता पूर्व आफ्रिकेतले गुजराती. केनिया, युगांडात दोन-तीन पिढ्या शहरात काढलेल्या. दुकानदारी, कारकुनी, हिशेब, इंग्रजी शाळा. ४ ऑगस्ट १९७२ ला इदी अमीनने ९० दिवसांची मुदत दिली आणि सुमारे २८ हजार लोक ब्रिटनमध्ये उतरले. बरोबर पन्नासेक पौंड. दुकान गेलं, पण उधारी कशी द्यायची, माल कुठून उचलायचा, अर्ज कसा भरायचा हे डोक्यात होतं, ते विमानतळावर कोणी काढून घेतलं नाही.

पाचवी पायरी

असहमत. सुरुवात वेगळी होती हे मान्यच आहे, पण त्याला पन्नास-साठ वर्षं झाली. नातवंडं तिथेच जन्मली, तिथल्याच शाळेत गेली. अजूनही 'आजोबा कोरडवाहू शेतकरी होते' हेच कारण देणार का?

दोन गोष्टी टाळल्या जात आहेत. एक, बायकांचे काम. पाकिस्तानी-बांगलादेशी गटात नोकरीत नसलेल्या आणि शोधतही नसलेल्या बायकांचे प्रमाण निम्म्याच्या जवळ आहे. भारतीय गटात ते बरेच कमी. दोन, लग्ने. बिरादरीत, बहुधा चुलत-मावस भावंडांत, आणि त्यातला एक जोडीदार मीरपूरहून आणलेला. म्हणजे प्रत्येक पिढीत आई किंवा बाप पुन्हा 'पहिल्या पिढीचा'. घरात इंग्रजी नाही आणि बाहेरून आलेल्या जोडीदाराची पदवी तिथे चालत नाही. २००७ ते १० मध्ये ब्रॅडफर्डच्या साडेबारा हजार मातांना घेऊन 'बॉर्न इन ब्रॅडफर्ड' अभ्यास सुरू झाला. त्यात पाकिस्तानी मातांपैकी सुमारे ६० टक्क्यांचे लग्न नात्यातले. सख्ख्या चुलत-मामे-आते-मावस भावंडांच्या लग्नात जन्मजात व्यंगाचा धोका ३ वरून ६ टक्के. आजारी मूल घरात असले की आई कामावर जात नाही, हा साधा हिशेब आहे. हे सगळे धरणामुळे झाले का?

धोटा

धरणामुळे नाही, पाळीमुळे झालं. निदान सुरुवात तरी.

ब्रॅडफर्ड ज्यात येतं त्या यॉर्कशरच्या लोकरीच्या गिरण्यांत साठच्या दशकात नवी महागडी यंत्रं आली. ती चोवीस तास चालवली तरच पैसा वसूल. दिवसपाळीला गोऱ्या बायका होत्या. त्यांना रात्री लावता येत नव्हतं, कारण ब्रिटिश कारखाने कायद्यात बायकांच्या रात्रपाळीला मनाई होती, ती १९८६ साली उठली. (आपल्या १९४८ च्या कायद्यातलं कलम ६६ हे त्याचंच भावंड. गिरणगावात ज्यांनी पाळ्या पाहिल्यात त्यांना वेगळं सांगायला नको.) गोरे पुरुष रात्री यायला तयार नव्हते. मग लोकर विंचरायच्या कोंबिंग खात्यात रात्रपाळी जवळजवळ सगळी मीरपुऱ्यांची झाली.

आता याचे परिणाम बघा. खात्यात सगळे पहाडी (मीरपूरची बोली) बोलणारे, वर एक दुभाषी मुकादम, त्यामुळे इंग्रजीवाचून अडत नाही. पुरुष दिवसा झोपतो, तर घर सांभाळायला बाई घरातच लागते. बायका आल्या त्याही उशिरा, आणि त्यांना त्या खात्यात दारच नाही. मग सत्तरच्या दशकाच्या अखेरीस आणि ऐंशीच्या दशकात धंदा बसला. पंचेचाळिशीचा माणूस, पंधरा वर्षं रात्रपाळी केलेली, इंग्रजी दोनशे शब्द. तो टॅक्सी चालवणार, दुसरं काय करणार?

लेस्टरला होजिअरी आणि बुटांचे कारखाने. होजिअरी म्हणजे मुळात बायकांचं काम: ओव्हरलॉक, शिवण, तपासणी, घडी. दिवसपाळी. गुजराती बाई उतरल्यावर काही महिन्यांत मशीनवर बसली, त्या घरात पहिल्या वर्षापासून दोन पगार. गंमत म्हणजे लेस्टरच्या नगरपालिकेने १९७२ च्या सप्टेंबरात युगांडातल्या पेपरात जाहिरात दिली होती की आमच्याकडे जागा नाही, येऊ नका. लोक तिथेच गेले. आधी गेलेले नातेवाईक तिथे होते.

तेव्हा 'त्यांच्या बायका काम करत नाहीत' हे संस्कृतीच्या खात्यावर टाकण्याआधी गावात बायकांना कोणतं काम होतं ते तपासा.

पाचवी पायरी

रात्रपाळीचा मुद्दा चांगला आहे, मी असा विचार केला नव्हता. पण लेस्टरची होजिअरीही नंतर बसली. गुजराती बायका दुकानांत, बँकांत, दवाखान्यांत गेल्या. ब्रॅडफर्डला दिवसाच्या इतर नोकऱ्या नव्हत्या असे नाही.

आणि एक कसोटी सुचवतो. ड्यूजबरी, बॅटली, ब्लॅकबर्न इथे भरूच-सुरतेकडचे गुजराती मुस्लिम आहेत. गिरण्यांचाच पट्टा, त्याच काळात आलेले. जनगणनेत ते 'भारतीय'. त्यांची परिस्थिती बघितली तर भारतीय हिंदूंपेक्षा खाली आणि मीरपुऱ्यांपेक्षा थोडी वर, अशी मधल्या पायरीवर दिसते. गिरणी तीच असून फरक उरला, तो कशाचा?

धोटा

गिरणी तीच असेल, पण त्यांच्यातले काही जण शिकून किंवा छोट्या गावातली दुकानदारी करून आलेले. आणि तुमच्याच उदाहरणात ते भारतीय हिंदूंच्या बरोबरीला नाहीत. म्हणजे गाव आणि गिरणी यांनी त्यांनाही खाली ओढलं. अर्धं तुमचं, अर्धं माझं. घ्या वाटून.

आकडेमोड

दोघेही ज्या आकड्यांवर भांडताय ते आकडे कसे बनतात ते एकदा पाहा. 'पगार' आणि 'कौटुंबिक उत्पन्न' यांची सरमिसळ चालली आहे.

ब्रिटनमधली गरिबीची आकडेवारी घराच्या एकूण उत्पन्नाला माणसांच्या भाराने भागते. मुलाबाळांविना जोडपे म्हणजे १. त्यात पहिल्या मोठ्या माणसाचे ०.६७, दुसऱ्याचे ०.३३, चौदाच्या आतल्या प्रत्येक मुलाचे ०.२०. एक कल्पित उदाहरण घेऊ:

घर क्र. १: एक कमावता, २८,००० पौंड, नवरा-बायको आणि ३ मुले. भार १.६. भागाकार १७,५००.

घर क्र. २: तोच २८,००० वाला, बायको अर्धवेळ १८,०००, २ मुले. एकूण ४६,०००, भार १.४. भागाकार सुमारे ३२,८५०.

दोन्ही घरांतल्या पुरुषाचा पगार शब्दशः सारखा, तरी दुसरे घर जवळजवळ दुप्पट 'सुखवस्तू'. गरिबीच्या आकड्यात पाकिस्तानी कुटुंबे फार खाली दिसतात, त्यात मोठा हात या भागाकाराचा आहे. 'पाचवी पायरी' यांच्या बाजूचा मुद्दा वाटेल, आहेच. पण मग कमी पगाराचे कारण त्यातून सिद्ध होत नाही. तो वेगळा प्रश्न.

घराच्या मालकीचेही तेच. ५८ टक्के ऐकायला वाईट नाही. मीरपुऱ्यांनी भिशीसारखी 'कमेटी' लावून ब्रॅडफर्डमध्ये जुनी चाळवजा घरे रोखीने घेतली, कारण बँक कर्ज देत नव्हती आणि व्याजही नको होते. आज ब्रॅडफर्डमध्ये सरासरी घर दोन लाख पौंडांच्या आत आणि लंडनमधल्या हॅरोमध्ये, जिथे भारतीय बरेच, पाच लाखांच्या वर. दोघेही सरकारदरबारी 'घरमालक'. हॅरोवाल्याच्या घरावर मुलाच्या धंद्याला कर्ज निघते, ब्रॅडफर्डवाल्याच्या घराला आधी छप्पर लागते.

टपरीवाला

सगळे 'भारतीय' म्हणजे लेस्टरचे गुजराती असं धरून चाललेत, ते आधी थांबवा. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समध्ये भारतीय १८ लाखांच्या वर. त्यात लंडनच्या साउथॉल भागातले पंजाबी कारखाना कामगार आहेत, आफ्रिकेतून आलेले आहेत, दवाखान्यातले डॉक्टर आहेत, आणि २००० नंतर व्हिसावर गेलेली हिंजवडी-बंगळुरूची आयटी मंडळी आहेत. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासूनचं, पण आज तिकडच्या गणेशोत्सवात ढोल वाजवणारे बहुतेक याच शेवटच्या गटातले. व्हिसाची अटच पदवी आणि पगार. अशा माणसाला गाळणीतून गाळून घ्यायचं आणि मग त्याची तुलना धरणातून उठवलेल्या शेतकऱ्याच्या नातवाशी करायची!

उलटं उदाहरण अमेरिकेचं. तिथे १९६५ च्या स्थलांतर कायद्यानंतर पाकिस्तानातून डॉक्टर-इंजिनिअर गेले. तिथल्या पाकिस्तानी कुटुंबांचं मध्यक उत्पन्न देशाच्या मध्यकापेक्षा जास्त आहे. धर्म तोच आणि देशही तोच, गाळणी फक्त वेगळी.

आणि लेस्टर म्हणजे सोन्याचा धूर नाही. १९७४ चा लेस्टरच्या इम्पीरिअल टाइपरायटर्स कारखान्यातला संप, १९७६ ते ७८ चा लंडनच्या ग्रनविक या फोटो धुणाऱ्या कारखान्यातला जयाबेन देसाईंनी पुढे राहून लढवलेला संप, दोन्हीकडे याच आफ्रिकेहून आलेल्या बायका-पुरुषांना दुय्यम वागणूक होती. २०२० मध्ये किमान वेतन ताशी ८.७२ पौंड असताना लेस्टरच्या शिलाई कारखान्यांत साडेतीन पौंडांवर काम चालल्याच्या बातम्या आल्या. तिथे कोण राबत होतं? बरेचसे भारतीय उपखंडातलेच.

उंबरठा

अमेरिकेच्या उदाहरणाबद्दल +१.

संस्कृतीवाल्यांना एक प्रश्न. सिल्हेट भागातून आलेले बांगलादेशी मीरपुऱ्यांपेक्षा गरीब, त्यांची कुटुंबं आली ती आणखी उशिरा, ऐंशीच्या दशकात. ते जिथे एकवटले त्या पूर्व लंडनच्या टॉवर हॅम्लेट्स भागातल्या शाळा १९९७-९८ मध्ये देशात तळाला होत्या. मग मुख्याध्यापक बदलले, पैसा ओतला, इंग्रजीचे जादा वर्ग लावले, मशिदींत जाऊन पालकांना हजेरीचं महत्त्व सांगितलं, सुट्टीत मुलाला महिनाभर सिल्हेटला नेऊ नका म्हणून मागे लागले. २००३ पासून 'लंडन चॅलेंज' या सरकारी शाळा-सुधार योजनेची जोड. आज सोळाव्या वर्षीच्या परीक्षेत बांगलादेशी मुलांची सरासरी गोऱ्या ब्रिटिश मुलांच्या वर आहे. धर्म बदलला नाही, गाव बदललं नाही. शाळा बदलली.

पाचवी पायरी

उदाहरण चांगले, पण अर्धेच सांगितलेत. बांगलादेशींत नात्यातली लग्ने मीरपुऱ्यांइतकी नाहीत. म्हणजे तुम्ही माझ्या कारणाला हात न लावता तपासणी केलीत. शिवाय शाळेत पुढे गेलेल्या याच गटाचा ताशी पगार २०१८ मध्ये सगळ्यात तळाला होता, तुमच्याच पहिल्या पोस्टमधला ९.६०. गुण आले, पगार का नाही आला?

आकडेमोड

कारण ९.६० मध्ये सगळी वये आहेत. हॉटेलात कांदा कापणारा साठीचा काकाही त्यात आणि परवा पदवी घेतलेली पुतणीही त्यात. तिथे जन्मलेल्यांचा आणि बाहेरून आलेल्यांचा आकडा वेगळा काढला की दरी बरीच भरते. पूर्ण नाही भरत. उरलेल्यातला काही भाग नावाचा आहे. २०१६-१७ मध्ये ऑक्सफर्डच्या नफिल्ड कॉलेजच्या संशोधकांनी सारख्या पात्रतेचे बनावट अर्ज खऱ्या जाहिरातींना पाठवले. गोऱ्या नावाइतकी उत्तरे मिळवायला अल्पसंख्याक नावांना सरासरी ६० टक्के जास्त अर्ज करावे लागले, पाकिस्तानी नावांना ७० टक्के.

तुमच्या लग्नाच्या मुद्द्यावरही आकडे बदलत आहेत. ब्रॅडफर्डच्याच पुढच्या फेरीत नात्यातल्या लग्नांचे प्रमाण ६२ वरून ४६ टक्क्यांवर आले. मुली जास्त शिकल्या, आणि जोडीदार आणायचे नियम कडक झाले: २०१० पासून इंग्रजीची परीक्षा, २०१२ पासून १८,६०० पौंडांचे किमान उत्पन्न, २०२४ पासून २९,०००.

पाचवी पायरी

म्हणजे लग्ने बदलली की परिस्थिती बदलते, हे तुम्हीच सांगताय. मी वेगळे काय म्हणत होतो?

धोटा

तुम्ही म्हणत होता की ते बदलत नाहीत म्हणून मागे आहेत. नात्यातल्या लग्नांचं प्रमाण ६२ वरून ४६ टक्क्यांवर आलं, दहाएक वर्षांत. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न कमी व्हायला किती पिढ्या लागल्या ते मोजा, मग पुढचं बोलू.