ग्लेंडा जॅक्सन ८० व्या वर्षी परत स्टेजवर कशी उभी राहिली? आईसाठी विचारतेय

खाडीकाठची (रत्नागिरी)
नमस्कार मंडळी. माझी आई ६१ ची. पूर्वी ती हौशी नाटकं करायची, राज्य नाट्य स्पर्धेला रत्नागिरी केंद्रावर दोनदा काम केलंय तिने. मग मी झाले, आजी अंथरुणाला खिळली आणि तालमी सुटल्या त्या सुटल्याच. आता वाडीतली पोरं माघी गणपतीला नाटक बसवतायत, आजीच्या भूमिकेसाठी आईला विचारायला आली. ती आतून खूश झाली हे मला लगेच कळलं, कारण पोरांना चहाबरोबर डब्यातली जपून ठेवलेली आंबापोळी दिली, पण तोंडाने म्हणाली आता आवाज पोचत नाही नि पाठांतर राहात नाही, दुसरं कोणी बघा. ग्लेंडा जॅक्सनबद्दल मला एवढंच माहितेय की ऑस्कर मिळवलेली ब्रिटिश नटी खासदार झाली आणि म्हातारपणी परत आली. कोणी नीट सांगेल का? नुसतं "जमेल गं तुला" म्हटलं तर ऐकणाऱ्यातली नाही ती.

तिसरी_घंटा (दापोली)
सांगतो, माझी अतिशय आवडती नटी. १९३६ चा जन्म, बर्कनहेडचा, म्हणजे लिव्हरपूलसमोर नदीपलीकडे. वडील गवंडीकाम करायचे. शाळा सुटल्यावर औषधांच्या दुकानात दोन वर्षं काउंटरवर उभी होती, तिथून स्कॉलरशिपवर लंडनच्या राडा या नाट्यशाळेत गेली. मग बरीच वर्षं छोट्या कंपन्यांतून कामं आणि मधेमधे बेकारी, आणि १९६४ ला दिग्दर्शक पीटर ब्रूकच्या नाटकात नाव झालं (हाच ब्रूक ज्याने पुढे महाभारत केलं). ऑस्कर दोन, 'विमेन इन लव्ह' आणि 'अ टच ऑफ क्लास', पण घ्यायला दोन्ही वेळा गेली नाही. १९७१ च्या बीबीसी मालिकेत पहिली एलिझाबेथ राणी केली तेव्हा कपाळ मोठं दिसायला पुढचे केस खरोखर भादरून घेतले, टोप वगैरे नाही.

१९९२ ला सगळं सोडून लेबर पक्षाकडून खासदार झाली. मिरवायला गेली नव्हती, वाहतूक खात्यात कनिष्ठ मंत्री होती, इराक युद्धावरून आपल्याच पंतप्रधानाच्या विरोधात उभी राहिली, २०१० ला तर फक्त ४२ मतांनी निवडून आली. २०१५ ला निवडणूक लढवायचं थांबवलं आणि आता आईला हे नक्की सांग की ती थेट स्टेजवर नाही गेली, त्याच वर्षी आधी रेडिओ केला, फ्रेंच लेखक झोलाच्या कादंबऱ्यांवरची बीबीसीची मालिका. २०१६ ला लंडनच्या ओल्ड विक थिएटरात शेक्सपियरचं किंग लियर, त्यात म्हाताऱ्या लियर राजाचीच भूमिका, तीन तासांहून मोठं नाटक, वय ८०. २०१८ ला ब्रॉडवेवर (न्यूयॉर्कची नाट्यगृहं) नव्वदी ओलांडलेल्या बाईची भूमिका करून टोनी हे तिथलं नाटकाचं मोठं पारितोषिक मिळवलं, दुसऱ्या वर्षी परत लियर. २०२३ ला गेली, त्याच वर्षी मायकेल केनबरोबरचा शेवटचा सिनेमा आला.

पडद्यामागे (चिपळूण)
माहिती छान, पण मला एक खटकतं. ग्लेंडाबाई स्टेजपासून लांब होती तरी २३ वर्षं भरल्या संसदेत उभं राहून बोलत होती, आवाज रोजच्या वापरातला होता. आईला तिचं उदाहरण देऊन "बघ ती ८० ची" म्हणालात तर उलट दडपण येईल. त्यापेक्षा रेडिओवालं घ्या. पहिले पंधरा दिवस पाठांतराचं नाव काढू नका, पडवीत बसून फक्त मोठ्याने वाचन, समोरची वाक्यं तुम्ही वाचा. मी तालमीत प्रॉम्प्टिंग करते, मोठ्या वयाची माणसं नुसतं पानावरचं विसरतात पण समोरच्याचं वाक्य आणि आपली हालचाल जुळली की बरोबर आठवतं त्यांना. आणि आवाज पोचत नाही म्हणतात ना, बावीवर (विहिरीवर) कोणी असेल तर आईंना पडवीतून त्यांना हाक मारायला सांगा. तिथून ओ आली तर मंडपाच्या शेवटच्या रांगेची काळजी नको.

धयकालो (वेंगुर्ला)
आमच्या दशावतारात पुरुष साडी नेसून राणी करतत, तेका कोण नवल म्हणणा नाय, आणि हय बाई लियर राजा झाली, राजाची राणी न करता राजाच ठेवल्यान, ह्या माका लय आवाडला. पाठांतराचा सांगतंय, आमका लिवलेली संहिता नसता, खेळाआधी कथा ठरता आणि संवाद उभ्याउभ्या येतत. आवशीक सांग, शब्द विसारलो तरी अर्थ सोडू नको, समोरचो नट सांभाळून घेता.

खाडीकाठची (रत्नागिरी)
सगळ्यांना मनापासून थँक्यू. काल रात्री आईला सगळं वाचून दाखवलं. राणीसाठी केस भादरले ते ऐकून ती थांबली, म्हणाली आम्ही स्पर्धेला पांढऱ्या केसांसाठी टाल्कम पावडर लावायचो, घामाने मानेवर ओघळायची. संसदेचं फार काही बोलली नाही. बावीवर काकू होत्या, आईला त्यांना हाक मारायला लावली, काकू कळशी तिथेच ठेवून धावत आल्या की काय झालं म्हणून. आज सकाळी पोरांकडून संहिता मागवून घेतलीन, मोठ्या अक्षरात झेरॉक्स काढून आण म्हणाली. दुपारी वाचायला बसतोय, समोरची वाक्यं मी वाचणार आहे.