टाकळ्याच्या बियांची कॉफी आणि नायट्यावरचा लेप

मुलुंडकरीण:
नमस्कार. पावसाळा सुरू झाला की मुलुंडच्या बाजारात कोवळ्या टाकळ्याचे वाटे येतात आणि कांदा व ओले खोबरे घालून ती भाजी आमच्याकडे होतेच. यंदा मात्र सासूबाईंनी गुहागरहून वाळलेल्या शेंगा पिशवीभर पाठवल्या असून, बिया भाजून दळल्यास कॉफी होते आणि आंबट ताकात वाटून लावल्यास नायटा जातो, असे कळवले आहे. बिया किती भाजाव्यात? आणि लेप घरी करावा का?

खमंग:
लोखंडी कढईत, मंद आचेवर, सतत हलवत भाजाव्यात. तडतडणे थांबून रंग गडद तपकिरी झाला आणि घरभर कॉफीसारखा वास सुटला की लगेच उतरवाव्यात, कारण पुढच्या मिनिटाला त्या करपतात. बी दगडासारखी कडक असते, तेव्हा पूर्ण गार झाल्यावरच मिक्सरला लावावी. कपाला एक लहान चमचा पूड उकळून, गाळून, गूळ घालून प्यावी. तिच्यात कॅफिन नसते, त्यामुळे झोप उडवण्यासाठी तिचा उपयोग नाही. कच्ची बी सारक असते. भाजल्यावर तो गुण कमी होतो, तरी गरोदर बाईने ती टाळावी.

रानवाट:
भाजण्याआधी शेंगा नीट पाहाव्यात, कारण कासविंदा ही टाकळ्याची जवळची बहीण त्याच पडीक जमिनीवर उगवते. टाकळ्याच्या पानात टोकाशी गोलसर पर्णिकांच्या साधारण तीन जोड्या असतात, शेंग काडीसारखी बारीक व लांब असते आणि बी तिरक्या चौकोनासारखी, चकचकीत. कासविंद्याची पर्णिका टोकदार, शेंग रुंद व चपटी, बीही चपटी. पश्चिम उत्तर प्रदेशात कासविंद्याच्या बिया खाऊन लहान मुले दगावली आहेत; मेंदू, यकृत आणि स्नायू यांवर होणारा तो घात कित्येक वर्षे मेंदूज्वर समजला जात होता.

जुना वाचक:
टाकळ्याचे संस्कृत नावच दद्रुघ्न, म्हणजे नायट्याचा नाश करणारा. बियांमधील क्रायसोफॅनॉलसारखी द्रव्ये बुरशीला रोखतात, त्यामुळे या परंपरेला आधार आहे. तथापि खाजवून सोललेल्या त्वचेवर आंबट ताकातला लेप भयंकर झोंबतो. शिवाय दुकानातून आणलेली स्टेरॉइडमिश्रित मलमे चोळून हल्ली नायटा इतका चिवट झालेला असतो की, लोकलच्या गर्दीत घाम मुरवणाऱ्या आपल्यासारख्यांनी त्वचारोगतज्ज्ञांना आधी दाखवावे, हे बरे.

मुलुंडकरीण:
सर्वांचे आभार. वर्तमानपत्रावर शेंगा पसरल्या, तेव्हा काडीसारख्या शेंगांत चार रुंद, चपट्या शेंगा सापडल्या. सासूबाईंना विचारले, तर म्हणाल्या, "अगो, कुंपणाशी दोन्ही आहेत, काळोखात ओरबाडल्या असतील." पिशवीच्या तळाशी सुट्या पडलेल्या बिया सरसकट टाकून दिल्या. आता हाताने सोललेल्या शेंगांचीच वाटीभर बी कढईत आहे, आणि लेपाचा बेत तूर्त रद्द.