‘शर्करा मद्यार्क’ म्हणावं का? आणि ‘डिहायड्रोजनेज’ला काय म्हणावं?

प्रश्न : आईला मधुमेह आहे, म्हणून नागपूरच्या बर्डीवरून बिनसाखरेची संत्रा बर्फी आणली. डब्यावर ‘सॉर्बिटॉल’ होतं. मोबाइलवर अर्थ शोधला तर ‘शर्करा मद्यार्क’ निघाला. मी तो मोठ्यानं वाचला आणि आईनं हातातला तुकडा बशीत परत ठेवला. हा शब्द बरोबर आहे का? आणि ते पचवणाऱ्या ‘सॉर्बिटॉल डिहायड्रोजनेज’ या विकराला (एन्झाइमला) मराठीत काय म्हणता येईल?

उत्तर : ताई, आईला सांगा जी, त्यात मद्य नाही. कार्बनच्या साखळीला ‘ओएच’ची (ऑक्सिजन-हायड्रोजनची) जोडी लागली की रसायनशास्त्र त्याला अल्कोहोल म्हणतं. दारूतल्या इथेनॉलमध्ये अशी एक जोडी, सॉर्बिटॉलमध्ये सहा. ‘मद्यार्क’ इथेनॉलपुरताच ठेवावा. इथे ‘पॉलिऑल’, म्हणजे अनेक ‘ओएच’वाला, हा शब्द बरा. मात्र सॉर्बिटॉलच्या एका ग्रॅममध्येही सुमारे 2.6 किलोकॅलरी असतात आणि जास्त खाल्लं तर पोट बिघडतं, तेवढं जपा.

विकरासाठी मी ‘हायड्रोजनहारक’ सुचवतो. ‘नाशक’ नको. सीताहरणात सीता नाहीशी झाली नाही, दुसरीकडे नेली गेली. इथेही तसंच. हे विकर सॉर्बिटॉलचे दोन हायड्रोजन काढतं, एनएडी नावाचा रेणू ते घेऊन जातो आणि मागे फ्रुक्टोज उरतं. मधुमेहात डोळ्याच्या भिंगात ग्लुकोजपासून सॉर्बिटॉल जास्त बनतं, ते साचून पाणी ओढतं. मोतीबिंदूच्या कारणांत हेही धरलं जातं.

आणखी एक : मॅनिटॉल, रिबिटॉल, झायलिटॉल या इतर पॉलिऑलांच्या विकरांना सरसकट ‘एका कुळातली’ म्हणू नये. देशपांडे आडनाव कामावरून पडलं, सगळ्या देशपांड्यांचं गोत्र एक नाही. माणसातल्या सॉर्बिटॉलच्या विकराला जस्त लागतं. जिवाणूंमधलं रिबिटॉलचं विकर वेगळ्याच घराण्यातलं, त्याला जस्त लागत नाही. ‘पॉलिऑल-हारक गट’ म्हटलं तर चालेल.

दुसरं उत्तर : ‘हारक’ आवडला. पण ‘पॉलिऑल-हारक’ नको, पॉलिऑलच पळवतात असा अर्थ होईल. ‘पॉलिऑल हायड्रोजनहारक’ असं पूर्ण लिहा. अडचण आणखी एक आहे. ही विकरं उलटही चालतात, नेलेला हायड्रोजन परत देतात. झायलिटॉल डिहायड्रोजनेजचं अधिकृत नाव उलट्या दिशेवरूनच आहे, डी-झायल्युलोज रिडक्टेज, म्हणजे डी-झायल्युलोजला हायड्रोजन देणारं. तिथे ‘हारक’ कसा चालवणार?