सीमेक एक, एडिटर तीन: बिल्ड होतंय पण लाल रेघा जात नाहीत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

दोन दिवस डोकं फोडतेय, आता हरले म्हणून इथे विचारतेय. आम्ही तिघं मिळून एक सी प्लस प्लस प्रोजेक्ट करतोय. मी विंडोजवर निओव्हिम एडिटर आणि त्यात कोडमधल्या चुका दाखवणारं क्लँगडी वापरते, दुसरा विंडोजवरच पण व्हिज्युअल स्टुडिओवाला, तिसरी मॅकवर सीलायन. सीमेक (बिल्डच्या फाइली तयार करून देणारं टूल) घेतलं ते याचसाठी की ज्याला जो एडिटर आवडतो तो त्याने वापरावा, भांडण नको. आता एडिटरवरून भांडण नाही, सीमेकवरून आहे.

झालंय असं की बिल्ड कमांड दिली की सगळं व्यवस्थित कंपाइल होतं, एक वॉर्निंगसुद्धा नाही, पण तीच फाइल एडिटरमध्ये उघडली की पहिल्याच इन्क्लूडखाली लाल रेघ, हेडर सापडत नाही म्हणे, आणि मग त्याच्याखाली जे काही आहे ते सगळंच लाल. क्लँगडीला कंपाइल कमांड्सची जेसन फाइल (कुठली फाइल कुठल्या ऑप्शन्सनी कंपाइल होते त्याची यादी) लागते असं वाचलं, म्हणून 'सीमेक एक्सपोर्ट कंपाइल कमांड्स' ऑन केलं. एकदा नाही तीनदा. सीमेक एररही देत नाही आणि फाइलही देत नाही! बिल्ड फोल्डर उडवून पहिल्यापासून केलं तरी तेच.

आणि हे कमी होतं म्हणून की काय, काल मॅकवालीने गिटवर पुश केलं, मी पुल केलं, तर सीमेक म्हणतं कॅश फाइल (त्याने आधीच्या सेटिंग्ज साठवलेली) जिथे बनली ती डिरेक्टरी वेगळी आहे. माझं काय चुकतंय?

(मोबाइलवरून टाइप करतेय, फाइलींची नावं देवनागरीत आहेत, समजून घ्या.)

प्रतिसाद १

ताई, जनरेटर कुठला आहे, म्हणजे सीमेक कुठल्या बिल्ड टूलसाठी फाइली लिहितंय? डॅश जी देऊन ते सांगताय का नुसतंच चालवताय?

धागाकर्ती

नुसतंच. सीमेक डॅश एस डॉट, डॅश बी बिल्ड. एवढंच.

प्रतिसाद २

मग तिथेच पाणी मुरतंय. सीमेक स्वतः काही बिल्ड करत नाही, ते दुसऱ्या कुणासाठी तरी फाइली लिहून देतं, आणि विंडोजवर व्हिज्युअल स्टुडिओ टाकलेला असेल आणि तुम्ही काहीच सांगितलं नाही तर ते त्याचाच जनरेटर धरतं. तुम्ही ऑन केलेला ऑप्शन फक्त मेकफाइल आणि निंजा जनरेटरसाठी आहे, बाकी ठिकाणी सीमेक तो गपचूप सोडून देतं. एरर नाही, वॉर्निंग नाही. यात मीपण एकदा अख्खी संध्याकाळ घालवलीये.

तेव्हा निंजा (ते एक वेगळं बिल्ड टूल आहे) टाका, डॅश जी निंजा द्या. पण त्याच बिल्ड फोल्डरमध्ये नका करू, जनरेटर कॅशमध्ये लिहिलेला असतो, मधेच बदलला की आधीच्याशी जुळत नाही म्हणून एरर येईल. नवीन फोल्डर घ्या.

प्रतिसाद ३

कॅशची एरर सोपी आहे, कुणीतरी बिल्ड फोल्डर गिटमध्ये टाकलाय. कॅश फाइलमध्ये त्या मशीनवरचे पूर्ण पाथ असतात, दुसऱ्याच्या मशीनवर तिचा काडीचा उपयोग नाही. गिटमधून काढा आणि गिटइग्नोरमध्ये (गिटने काय वगळायचं त्याची यादी) टाका. सीलायन स्वतःचा सीमेक-बिल्ड-डीबग नावाचा फोल्डर करतं, तोही टाका. मॅकवालीला ओरडू नका, प्रत्येकाने आयुष्यात एकदा हे केलेलं असतं 😄

धागाकर्ती

बिल्ड फोल्डर खरंच गिटमध्ये होता, पण टाकला होता मीच. मॅकवालीने बिचारीने फक्त तिची कॅश त्यावर कमिट केली. तर ते जाऊ द्या.

निंजाने जेसन फाइल आली!! पण आता लिंक होत नाहीये, म्हणजे शेवटी सगळे तुकडे जोडताना अडतंय, अनरिझॉल्व्हड सिम्बॉलची (न सापडलेल्या नावांची) ही मोठी यादी. आमची एक लायब्ररी तयार बिल्ड केलेली येते, तिच्यातलं काहीच सापडत नाही. कालपर्यंत हेच लिंक होत होतं.

प्रतिसाद २

साध्या टर्मिनलमधून चालवलंत ना? सीमेकच्या आउटपुटच्या अगदी वरच्या ओळी बघा, कंपायलर कुठला सापडला ते तिथे लिहिलेलं असतं. माझा अंदाज, पाथवर कुठलंतरी जुनं मिनजीडब्ल्यू (विंडोजसाठीचं जीसीसी कंपायलरचं पॅकेज) पडलंय आणि निंजासाठी सीमेकने ते जीसीसी उचललं. लायब्ररी मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरने बनलेली असेल तर सी प्लस प्लसची नावं या दोघांत जुळत नाहीत, लिंक होणारच नाही.

व्हिज्युअल स्टुडिओचा जनरेटर कंपायलर स्वतः शोधतो, निंजा शोधत नाही, त्याला एन्व्हायर्नमेंट (कंपायलरचे पाथ वगैरे) तयार लागतं. स्टार्ट मेनूत डेव्हलपर कमांड प्रॉम्प्ट आहे, तो एक्स ६४ वाला उघडा, फोल्डर उडवा, परत कॉन्फिगर करा.

प्रतिसाद ४

हे सगळं प्रत्येकाने आपापल्या एडिटरच्या सेटिंगमध्ये भरत बसू नका, प्रीसेट्स वापरा. सीमेक ३.१९ पासून सीमेक प्रीसेट्स जेसन फाइल आहे, ३.२० पासून बिल्ड आणि टेस्टचे प्रीसेटसुद्धा. जनरेटर, बिल्ड फोल्डर, डीबग का रिलीज, सगळं त्यात लिहायचं आणि ती फाइल गिटमध्ये टाकायची. व्हिज्युअल स्टुडिओ, व्हीएस कोडचं सीमेक टूल्स, सीलायन, क्यूटी क्रिएटर सगळे वाचतात, टर्मिनलवाल्यांना सीमेक डॅश डॅश प्रीसेट आणि पुढे नाव. आपल्या एकट्यापुरतं काही असेल तर सीमेक यूजर प्रीसेट्स, ती मात्र गिटमध्ये नाही.

एक लक्षात असू द्या, आर्किटेक्चरला एक्स्टर्नल लिहिलंत तर व्हिज्युअल स्टुडिओ आणि सीमेक टूल्स एन्व्हायर्नमेंट आपोआप लावून घेतात. टर्मिनलवरचं सीमेक नाही लावत, तुमचा डेव्हलपर प्रॉम्प्ट काही सुटत नाही.

प्रतिसाद १

आणि तुमचा व्हिज्युअल स्टुडिओवाला मित्र बिल्ड फोल्डरमधली सोल्युशन फाइल (व्हिज्युअल स्टुडिओची प्रोजेक्ट फाइल) डबल क्लिक करून उघडत असणार, त्याला सांगा प्रोजेक्टचा फोल्डरच थेट उघड, तरच प्रीसेट दिसतील. सोल्युशनच हवं म्हणाला तर त्याचा प्रीसेट वेगळा ठेवा. तिथे 'सीमेक बिल्ड टाइप' (डीबग का रिलीज ते ठरवणारा ऑप्शन) चालत नाही, एकाच फोल्डरमध्ये डीबग रिलीज दोन्ही असतात, बिल्ड करताना डॅश डॅश कॉन्फिग रिलीज द्यावं लागतं. नाही दिलं तर डीबग बनतं आणि मग माणूस कोड स्लो आहे म्हणून आठवडाभर बोंबलतो.

धागाकर्ती

जीसीसीच होतं, कुठल्यातरी जुन्या कोर्ससाठी टाकलेलं, विसरूनही गेले होते. डेव्हलपर प्रॉम्प्टमधून केलं, लिंक झालं. प्रीसेट्स फाइलपण लिहिली, प्रत्येक प्रीसेटला बिल्डच्या आत वेगळा फोल्डर दिला, मॅकवालीचं पहिल्या फटक्यात चाललं.

आणि माझ्याकडे परत लाल रेघा 🤦‍♀️ या वेळी जेसन फाइल आहे, डोळ्यांनी बघितली.

प्रतिसाद २

हाहा, फाइल एक पायरी खाली गेली. क्लँगडी सोर्स फाइलपासून वरवर जात शोधतं आणि प्रत्येक पायरीवर बिल्ड नावाचा फोल्डर असेल तर तोही बघतं, पण त्याच्या आतल्या फोल्डरात शिरत नाही. प्रोजेक्टच्या मुळाशी डॉट क्लँगडी नावाची फाइल करा, त्यात कंपाइल फ्लॅग्सच्या खाली कंपायलेशन डेटाबेस म्हणून तुमच्या प्रीसेटच्या फोल्डरचा पाथ द्या. मग एडिटर बंद करून परत उघडा.

धागाकर्ती

गेल्या!!! एक पण रेघ नाही. सगळ्यांचे खूप खूप आभार. व्हिज्युअल स्टुडिओवाला अजून सोल्युशन फाइलच उघडतोय, त्याचा प्रीसेट वेगळा करून दिलाय.