फॅशनची 'अर्कचित्रं' म्हणायचं का?

बडोद्याच्या अलकापुरीतून प्रश्न

पुतणी बुटीक उघडतेय. भिंतींसाठी तिनं जुन्या इंग्रजी फॅशन-कॅरिकेचरच्या प्रती छापून, मढवून आणल्यात. हातभर उंच केसांचे टोप घातलेले तरुण, दारातून आत मावणार नाहीत अशा घेराचे झगे, वगैरे. प्रत्येक तसबिरीखाली गुजराती आणि मराठीत छोटी पट्टी लावायची आहे. गुजरातीत 'ठठ्ठाचित्र' लगेच ठरलं. मराठीचं घोडं अडलंय. कॅरिकेचरला आपण अर्कचित्र म्हणतो, तर 'जुनी फॅशन अर्कचित्रे' चालेल? शेजारचे काका 'भित्तिचित्रे' लिहा म्हणतात.

दांडिया बाजारातून

काकांना नमस्कार सांगा, पण भित्तिचित्र नको. भित्तिचित्र भिंतीवरच रंगवलेलं असतं. रावपुऱ्यातल्या तांबेकर वाड्यात जाऊन बघा, तिथली चित्रं भिंतीसकटच न्यावी लागतील. खिळ्यावरून उतरवून दुसऱ्या खोलीत नेता येते ती तसबीर. आता गंमत अशी की अठराव्या शतकात इंग्लंड-आयर्लंडच्या बड्या घरांत छापील चित्रं कापून थेट भिंतीला चिकटवायची टूम होती. भोवतीची चौकटसुद्धा कागदाचीच. आयर्लंडच्या कासलटाउन हाउसमधली तशी खोली अजून आहे. तिथं काकांचा शब्द थोडाफार खपला असता.

रावपुऱ्यातून

मूळ प्रश्न अर्कचित्राचा आहे, त्यावर जरा सविस्तर लिहितो.

कॅरिकेचर हा शब्द इटालियन 'कारिकारे'पासून आला. अर्थ लादणं, भार घालणं. म्हणजे जे आहे त्यात भर घालायची. आपला अर्क नेमका उलटा, सार तेवढं काढून घेतात तो. शिवाय 'काय अर्क आहे हा!' म्हणताना जो खट्याळपणा अभिप्रेत असतो, तोही या शब्दात येऊन बसलाय. पण अर्क कुणाचा तरी असावा लागतो. वसंत सरवट्यांनी मराठी लेखकांची चित्रं काढली ती अर्कचित्रं, कारण चारदोन रेषांत तो माणूस ओळखू येतो. लंडनच्या 'व्हॅनिटी फेअर' साप्ताहिकातली रंगीत चित्रंही अर्कचित्रंच. 1869 मध्ये कार्लो पेलेग्रिनीनं काढलेल्या इंग्रज राजकारणी डिझरायलीपासून ती मालिका सुरू झाली. हा गृहस्थ आधी 'सँज' आणि मग 'एप' अशी सही करी. दोन्हींचा अर्थ माकड! पुढे 'स्पाय' या सहीनं लेस्ली वॉर्ड आला. त्यानं 1897 मध्ये आपले रणजी काढले. पुतणीच्या भिंतीवर यांतलं एखादं असेल तर खाली बेलाशक 'अर्कचित्र' लिहा.

मात्र तुम्ही सांगता ते उंच टोपवाले तरुण कुणी एक व्यक्ती नाहीत. ते 'मॅकरोनी'. इटलीची वारी करून आलेले, तिकडचे शौक मिरवणारे लंडनचे छेलछबेले. 1770 च्या दशकात मॅथ्यू आणि मेरी डार्ली या जोडप्याच्या दुकानातून त्यांची चित्रं विकली जात. टोप मुळात उंच, चित्रकार तो आणखी उंच करणार आणि शेंड्यावर बोटभर टोपी ठेवणार. इथं सार काढलेलं नाही, लादलेलंच आहे. म्हणून माझं मत, पोषाखाच्या थट्टेला साधं व्यंगचित्र म्हणावं.

(मॅकरोनीला मराठी शब्द शोधताना 'फाकडा' आठवला. 1779 मध्ये वडगावच्या मोहिमेत कार्ल्याजवळ पडलेला कॅप्टन स्टुअर्ट, त्याला मराठ्यांनी 'इष्टुर फाकडा' केलं. पण त्यात मर्दुमकी आहे. मॅकरोनीला तो मान कशाला द्यायचा.)

कारेलीबागेतून

व्यंग म्हणजे खोड, उणीव. झग्याच्या घेरात कसलं व्यंग? गुजराती ठठ्ठाचित्र मला जास्त पटतं, थट्टा केली असं सरळ सांगतं. बडोद्याच्या मराठीनं गुजरातीतून इतकं घेतलंय, हेही घ्या.

रावपुऱ्यातून

ताई, घ्यायला हरकत नाही, पण मराठी कानाला 'ठठ्ठा' नुसता पोरकट वाटतो आणि या चित्रांना दात आहेत. इंग्रज चित्रकार गिलरेचं 1794 चं एक आहे. डावीकडे लंडनच्या सेंट जेम्सची उच्चभ्रू बाई, सडसडीत, डोक्यावर उंच पिसं. उजवीकडे चीपसाइडची व्यापारी पेठेतली बाई, तोच पोषाख घालायला निघालेली, आणि अंगानं त्यात न मावणारी. खालच्या ओळीत पहिलीला 'देहाविना आत्मा' आणि दुसरीला 'आत्म्याविना देह' म्हटलंय. झगा निमित्तमात्र. कुणी कुणाची नक्कल करावी यावरचा तो टोमणा आहे, आणि दोघींनाही सोडलेलं नाही. व्यंग घेरात नसेल, घालणाऱ्यांत आहे.

फत्तेगंजमधून

मी तसबिरी मढवण्याच्या धंद्यात आहे. शब्दांचं तुम्ही बघा, पण पट्टीवर 'जुनी चित्रे' लिहाल तर गिऱ्हाईक अस्सल समजेल. गिलरेच्या काळची चित्रं तांब्याच्या पत्र्यावरून छापून हातानं रंगवलेली असायची. पत्र्याच्या कडेचा दाब कागदावर बोटाला लागतो. 'व्हॅनिटी फेअर'ची शिळाछाप, म्हणजे दगडावरून छापलेली, रवि वर्मा प्रेसच्या देवादिकांसारखी. त्यात हा दाब नसतो, पण भिंगातून रंगाचे विस्कळीत कण दिसतात. आजच्या छपाईत बारीक ठिपके रांगेत बसलेले दिसतील. तुमच्या त्या प्रती, तेव्हा 'जुन्या चित्रांच्या प्रती' लिहा. आणि माउंट, म्हणजे चित्राभोवतीची जाड कागदी चौकट, घातल्याशिवाय काच लावू नका. आपल्या पावसाळ्यात कागद काचेला चिकटला की सोडवताना रंगासकट येतो.

अलकापुरीतून

ठरलं. मॅकरोनी आणि झगेवाल्या बायकांखाली 'फॅशनवरची जुनी व्यंगचित्रे (प्रती)'. एक रणजी निघालेच, त्यांच्याखाली 'अर्कचित्र (प्रत)'. पुतणीला 'विंटेज' हवंच होतं, ते दुकानाच्या पाटीवर जाईल. काका अजून भित्तिचित्रावर अडून आहेत.