मदत हवी आहे – तोतरेपणासाठी स्पीच थेरपी, वय २७

नमस्कार मंडळी, मी नाशिकला असतो, लहानपणापासून अडखळत बोलतो. क आणि प ने सुरू होणारे शब्द तर घशातच अडकतात, आणि नशीब बघा, माझं नावच प वरून आहे! फोनवर सगळ्यात जास्त त्रास, मी नाव सांगायला जोर लावतोय तोवर समोरचा "हॅलो हॅलो, आवाज येत नाहीये" म्हणून कट करतो. दुकानात पोहे म्हणता येत नाही म्हणून रवा घेऊन येतो, घरी उपमा खाऊन सगळे कंटाळलेत 😅

आजीने वेखंड, अक्कलकारा मधातून सगळं चाटवून झालंय, काही फरक नाही. आणि "सावकाश बोल, घाबरू नकोस" प्लीज नका सांगू, गाणं म्हणताना मी अजिबात अडखळत नाही.

आता नोकरी बदलायचीये, इंटरव्ह्यू द्यायचेत म्हणून थेरपी सुरू करायचा विचार आहे. मोठेपणी थेरपी घेऊन कुणाला फरक पडलाय का, साधारण किती महिने लागले? आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) रजिस्ट्रेशन बघूनच थेरपिस्ट निवडायचा एवढं कळलंय. मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग या वाचा-श्रवण संस्थेत कुणी गेलंय का, की ऑनलाइन सेशन पुरतात? इंटरव्ह्यूत आधीच सांगून टाकावं का?