मसाजला पहिल्यांदा जाताना काय सांगावे आणि काय विचारावे?

प्रश्न

बैठ्या कामामुळे माझी मान आणि पाठीचा वरचा भाग सतत आखडलेला असतो. डॉक्टरांनी तपासून गंभीर काही नसल्याचे सांगितले असून व्यायामाच्या जोडीला मसाज घेऊन पाहायला हरकत नाही, असे त्यांचे मत आहे. आजवर मी कधीच मसाज घेतलेला नाही. तब्येतीविषयी थेरपिस्टला किती सांगावे, कपडे किती उतरवावे लागतात आणि जितके जास्त दुखेल तितका जास्त गुण येतो हे खरे आहे का, हे जाणकारांकडून समजून घ्यायचे आहे. मी रोज रक्तदाबाची गोळी घेते. ते सांगणे गरजेचे आहे का?

उत्तर १

मी स्वतः हे काम करतो, त्यामुळे शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. गोळीबद्दल अवश्य सांगावे. बराच वेळ निवांत पडून राहिल्यावर एकदम उठले की चक्कर येऊ शकते आणि रक्तदाबाच्या काही औषधांमुळे हा संभव वाढतो. म्हणून सेशन संपल्यावर आधी कुशीवर वळावे, टेबलाच्या कडेला मिनिटभर बसावे आणि मगच उभे राहावे.

रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, तर जोराच्या दाबाने काळेनिळे डाग पडतात. वेदनाशामक गोळी घेऊन कोणी आले, तर दाब जास्त होतो आहे हे त्यालाच वेळेवर कळत नाही आणि मला तर ते कळायला दुसरा मार्गच नसतो. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झाली असेल, तिथेही हीच अडचण येते. अलीकडची शस्त्रक्रिया, ठिसूळ झालेली हाडे, गर्भारपण, तेलाची किंवा सुक्या मेव्याची ॲलर्जी, यांपैकी काहीही असले तरी ते हात लावण्यापूर्वी सांगितले पाहिजे. ताप असेल किंवा त्वचेला संसर्ग झाला असेल, तर सेशन पुढे ढकलावे.

एक गोष्ट मात्र मी प्रत्येकाला कळकळीने सांगतो. एकाच पायाची पोटरी सुजली असेल, गरम लागत असेल आणि दुखत असेल, तर ती चोळून घेऊ नये. शिरेत रक्ताची गुठळी झालेली असल्यास ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते आणि त्यातून जिवावर बेतते. अशा वेळी मसाजला न जाता तडक डॉक्टरांकडे जावे.

उत्तर २

कपड्यांबाबत निर्णय सर्वस्वी तुमचा असतो. तेलाच्या मसाजात थेरपिस्ट खोलीबाहेर जातात, तुम्ही तुम्हाला संकोच वाटणार नाही इतकेच कपडे उतरवून चादरीखाली झोपायचे असते आणि ज्या भागावर काम चालू आहे तेवढ्याच भागावरची चादर बाजूला केली जाते. तरीही अवघड वाटत असेल, तर शियात्सू (बोटांनी दाब देण्याची जपानी पद्धत) किंवा थाई पद्धतीचा मसाज निवडावा, कारण ते अंगावर सैल कपडे ठेवूनच केले जातात. गुप्तांगांना स्पर्श होणे हा कोणत्याही मसाजाचा भाग नाही. तसे झाले किंवा नुसती शंका आली, तरी त्या क्षणी थांबवून निघून यावे. त्यासाठी कारण देण्याचे बंधन तुमच्यावर नाही.

उत्तर ३

दुखण्याविषयीचा समज चुकीचा आहे. शून्य ते दहा या मापात दुखणे पाच-सहाच्या पुढे गेले, की माणूस नकळत श्वास रोखतो, मुठी आवळतो, खांदे वर ओढतो आणि जो स्नायू सैल व्हायला हवा तोच अधिक घट्ट होतो. दुखरे पण सुखावणारे असे जे वाटते, तिथपर्यंतचा दाब ठीक आहे. झिणझिण्या, बधिरपणा किंवा विजेसारखी कळ आली, तर मात्र ताबडतोब बोलावे, कारण तिथे मज्जातंतूवर दाब आलेला असण्याची शक्यता असते. तुमचे दुखणे मानेचे आहे, म्हणून हेही लिहितो: मानेच्या पुढच्या बाजूला मोठ्या रक्तवाहिन्या असतात, तिथे जोर देऊ देऊ नये आणि झटका देऊन मान मोडू देऊ नये.

दुसऱ्या दिवशी अंग थोडे ठणकले, तर काळजी करू नये. ते एक-दोन दिवसांत थांबते. मसाजाने शरीरातील विषारी द्रव्ये बाहेर पडतात, या दाव्याला आधार नाही. ते काम यकृत आणि मूत्रपिंडे करतात. मसाजाने आखडलेपण कमी होते, झोप चांगली लागते आणि हा आराम बहुधा काही काळापुरता असतो, म्हणून डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम सोडू नये.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. मध्येच बोलले तर थेरपिस्टच्या कामात व्यत्यय येणार नाही ना, एवढीच शंका उरली आहे.

उत्तर १

अजिबात नाही. "इथे थोडे हलके करा" एवढे शब्द पुरेसे असतात आणि ते ऐकून चांगला थेरपिस्ट लगेच हात हलका करतो. "थोडे सहन करा" असे उत्तर मिळाले, तर दुसऱ्यांदा सांगावे आणि तरीही दाब कमी झाला नाही, तर सेशन तिथेच थांबवावे. वेळ ठरवताना तासाभरात आधीची विचारपूस धरली आहे का, तेही विचारून घ्या, म्हणजे तब्येतीविषयी सांगताना तुमची घाई होणार नाही.